यंत्राच्या पंखांचे बदक

कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीच्या खोऱ्यात भातशेती मोठी आहे. पेंढा जाळण्यावर १९९१च्या कायद्याने निर्बंध येऊ लागल्यापासून तेथील शेतकरी कापणीनंतर शेतांत पाणी भरून ठेवतात आणि पेंढा कुजू देतात. पंजाब-हरियाणातील धुराच्या बातम्या दर हिवाळ्यात वाचणाऱ्यांना हा उपाय उद्बोधक वाटेल. त्या भरलेल्या शेतांचा लाभ सर्वाधिक झाला तो उत्तरेकडून येणाऱ्या बदकांना. सांडलेला दाणा, उथळ पाणी आणि किडे यांची लयलूट असलेल्या या खाचरांत हिवाळाभर लक्षावधी बदके उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग शिकारीही येतात. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत याच परिसरातील शिकाऱ्यांच्या हाती एक नवे साधन आले. प्लास्टिकचे बदक, त्याच्या पोटात विजेची लहान मोटर, आणि दोन्ही बाजूंना गरगर फिरणारे पंख. ‘रोबोडक’, ‘मोजो’ अशा नावांनी ते बाजारात आले आणि काही हंगामांतच अमेरिकेच्या बहुतेक पाणथळींवर दिसू लागले. अमेरिकी शिकारविश्वात या वस्तूने जेवढा वाद उभा केला, तेवढा अलीकडच्या काळात क्वचितच दुसऱ्या एखाद्या साधनाने केला असेल.

वादाचे मूळ समजण्यासाठी यंत्र समजून घेणे आवश्यक आहे, आणि ते अगदी साधे आहे. पाण्यात रोवलेल्या काठीवर, पृष्ठभागापासून दोन-तीन फूट उंच, हे बदक बसवतात. पोटातील मोटर पुनर्भारित होणाऱ्या बॅटरीवर चालते. मोटरच्या दांड्याला दोन्ही टोकांस पत्र्याचे वा प्लास्टिकचे पंख खिट्टीने किंवा चुंबकाने अडकवलेले असतात. पंखाची एक बाजू गडद, दुसरी पांढरी. मोटर सुरू झाली की काळे-पांढरे, काळे-पांढरे अशी झगमग सुरू होते. पंख वरखाली हलत नाहीत. ते पंख्याच्या पात्यासारखे स्वतःभोवती फिरतात. जवळून पाहणाऱ्या माणसाला हा प्रकार हास्यास्पद वाटतो. बदकाला तो वाटत नाही.

याचे कारण बदकाच्या पंखांत आहे. मॅलार्ड या उत्तर अमेरिकेतील सर्वाधिक परिचित बदकाच्या पंखांची वरची बाजू तपकिरी-राखाडी, तर खालची जवळजवळ पांढरी असते. पाण्यावर उतरताना बदक वाऱ्याच्या दिशेने तोंड करते, शरीर उभे धरते आणि वेग मारण्यासाठी पंख जोरजोराने फडफडवते. त्या क्षणी पंखांची खालची पांढरी बाजू पुन्हा पुन्हा चमकून जाते. उंचावरून जाणाऱ्या थव्याच्या दृष्टीने ही चमक म्हणजे एक निरोप असतो: खाली आपल्यासारखेच कुणी उतरत आहे, म्हणजे तेथे अन्न आहे आणि धोका नाही. फिरत्या पंखांचे यंत्र हा निरोप अखंड पाठवत राहते. आकार, रंग, पिसांचे बारकावे यांपैकी काहीही ओळखू येणार नाही इतक्या अंतरावरूनही चमक मात्र दिसते. शेकडो स्थिर नकली बदके जे साधू शकत नाहीत, ते एक फिरते पाते साधते.

लबाडी जुनीच

बदकाला बदकाच्या रूपाने फसवण्याची युक्ती नवी मुळीच नाही. नेवाडा राज्यातील लव्हलॉक गुहेत १९२४ साली उत्खनन झाले, तेव्हा लव्हाळ्याच्या काड्या वळून केलेली अकरा नकली बदके सापडली. काहींवर रंग होता, काहींना खरी पिसे लावलेली होती. कॅनव्हासबॅक जातीच्या नराचे तांबूस डोके आणि फिकट अंग त्यांत स्पष्ट ओळखता येते. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. ज्यांनी ती घडवली त्यांनी बदकांचे निरीक्षण किती बारकाईने केले असेल, हे त्या काड्यांच्या वळणांत दिसते.

‘डिकॉय’ हा शब्द मात्र युरोपचा. डच भाषेत बदके पकडण्याच्या जाळीच्या सापळ्याला ‘कोई’ म्हणत. त्यापासून इंग्रजी शब्द आला असे मानले जाते. तळ्याच्या कडेने आत आत अरुंद होत जाणारे जाळीचे वक्र बोगदे, त्यांत पाळीव बदके आणि एक शिकवलेला कुत्रा अशी ती रचना असे. रानबदके कुतूहलाने कुत्र्याच्या मागे येत आणि बोगद्याच्या टोकाशी अडकत. म्हणजे मूळ डिकॉय हा सापळा होता; त्यातील फसव्या बदकांना ते नाव नंतर मिळाले.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात लाकडी डिकॉय कोरणे ही स्वतंत्र कारागिरी झाली. चेसापीकच्या उपसागरापासून मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यापर्यंत प्रत्येक भागाची शैली वेगळी. मॅसॅच्युसेट्सचे एल्मर क्रॉवेल हे त्या कलेतील सर्वांत मोठे नाव. त्यांनी कोरलेले दोन पक्षी २००७ साली प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरना विकले गेले. शिकाऱ्याच्या पोत्यात चिखलासह कोंबली जाणारी वस्तू संग्राहकाच्या काचेच्या कपाटात गेली, ती अशी.

लाकडी बदकाचा दोष एकच: ते हलत नाही. वारा पडलेल्या सकाळी पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यावरील नकली बदके ठोकळ्यांसारखी दिसतात. खरी बदके सतत काही ना काही करत असतात. डोके बुडवतात, शेपूट हलवतात, एकमेकांवर धावून जातात. पाण्यावर तरंग उठत राहतात. म्हणून शिकाऱ्यांनी हालचाल निर्माण करण्याचे अनेक मार्ग शोधले. आर्कान्सा राज्यात पाण्याने भरलेल्या ओकच्या जंगलात झाडाच्या आडोशाला उभे राहून शिकार करतात. तेथे अनुभवी शिकारी थवा घिरट्या घालू लागला की पायाने पाणी ढवळतो आणि तरंग नकली बदकांपर्यंत पोचवतो. दुसरा मार्ग दोरीचा. पाण्याखाली नांगर, त्याला ताणणारा रबरी पट्टा, पुढे दोरीला बांधलेली तीन-चार बदके आणि दोरीचे टोक लपणात बसलेल्या माणसाच्या हातात. दोरी ओढली की बदके पुढे सरकतात, सोडली की मागे येतात. खर्च अत्यल्प, बॅटरी नाही, आणि कुठल्याही राज्याच्या मोटरबंदीचा त्याला उपसर्ग नाही. हात गारठतात एवढेच.

मोटर आली आणि या सर्व कष्टांना पर्याय मिळाला. फिरत्या पंखांच्या जोडीला पाण्यात गोल गोल पोहणारी, कंप पावणारी, चोच बुडवून शेपूट वर करणारी आणि पंपाने पाणी उडवणारी बदकेही निघाली. पुढे दूरनियंत्रक आला. पाठोपाठ काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असे चक्र आपोआप चालवणारा टायमर आला. थंडीत बॅटरी लवकर उतरते, पाणी शिरले की मोटर बिघडते, वाकलेला पंख खडखडतो. या तक्रारी जुन्या शिकाऱ्यांच्या तोंडी असत आणि त्यात थोडा आनंदही मिसळलेला असे.

वापरणाऱ्याचे शास्त्र

यंत्र विकत घेतले म्हणजे शिकार साधली, असे होत नाही. बदके वाऱ्याविरुद्ध उतरतात. त्यामुळे नकली बदकांची मांडणी वाऱ्याची दिशा पाहून करावी लागते. साधारणतः ती इंग्रजी ‘जे’ किंवा ‘यू’ या अक्षराच्या आकारात मांडतात आणि मध्ये मोकळी जागा सोडतात. थव्याने त्या मोकळ्या पाण्यात उतरावे अशी अपेक्षा असते. फिरत्या पंखांचे बदक या जागेच्या कडेला ठेवणे अनेकांना श्रेयस्कर वाटते, कारण अगदी डोळ्यांसमोर आलेले यंत्र बदकाला शेवटच्या क्षणी बिचकवू शकते. ऊन असेल तर पांढऱ्या पात्याची चमक दूरवर जाते. ढगाळ, धुकट दिवशी तिचा प्रभाव कमी होतो.

सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे यंत्र केव्हा बंद करायचे. थवा दूर असताना पंख फिरू द्यावेत, वळला की थांबवावेत आणि उरलेले काम पाण्यावरील तरंगांवर व तोंडाने वाजवलेल्या शिट्टीवर सोडावे, अशी अनेक जाणत्या शिकाऱ्यांची पद्धत आहे. दूरनियंत्रकाचा खरा उपयोग येथे आहे. हंगामाच्या सुरुवातीला उत्तरेकडून नुकतीच आलेली, त्यांत यंदाच जन्मलेली बदके या चमकेकडे बेधडक येतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र तीच चमक पाहून थवे दूरूनच वळण घेतात, असा अनुभव शिकारी सांगतात. कॅनडाच्या सीमेपासून लुइझियानापर्यंत प्रत्येक तळ्यावर एकसारखे यंत्र फिरत असेल आणि प्रत्येक यंत्राशेजारी बंदूक असेल, तर जिवंत राहिलेल्या बदकाने त्यातून काही धडा घ्यावा, यात नवल नाही.

कायद्याची रेष

अमेरिकेत बदकांची शिकार हा मोकाट व्यवहार नाही. स्थलांतरित पक्ष्यांबाबत अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात १९१६ साली करार झाला आणि त्यावर आधारलेला संघीय कायदा १९१८ साली आला. शिकार करून पक्ष्यांचे मांस शहरांतील बाजारांत विकणाऱ्यांचा धंदा त्याने संपवला. पुढे १९३०च्या दशकात मध्य अमेरिकी मैदानांत भीषण दुष्काळ पडला, पाणथळी आटल्या आणि बदकांची संख्या कोसळली. जे डार्लिंग हे व्यंगचित्रकार त्या वेळी संघीय वन्यजीव खात्याचे प्रमुख होते. बदकांच्या शिकाऱ्याने दरवर्षी घ्यायच्या पहिल्या मुद्रांकाचे, म्हणजे १९३४च्या ‘डक स्टॅम्प’चे, चित्र त्यांनीच काढले. त्या मुद्रांकाची किंमत एक डॉलर होती. २०१५ पासून ती २५ डॉलर आहे, आणि त्यातून येणारा जवळजवळ सर्व पैसा पाणथळींच्या संरक्षणासाठी खर्च होतो.

१९३५ साली कठोर नियम आले. हंगाम केवळ ३० दिवसांचा ठेवण्यात आला. पाण्यावर दाणा टाकून बदके जमवणे निषिद्ध ठरले. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा अधिक काडतुसे बसू नयेत असा नियम झाला. आणि जिवंत डिकॉयवर बंदी आली. त्यापूर्वी शिकारी पाळीव मॅलार्ड किंवा बारीक, कर्कश ओरडणाऱ्या बदकांच्या पायाला दोरी बांधून त्यांना पाण्यावर सोडत. ती ओरडत आणि रानबदके त्यांच्या आवाजावर उतरत. खऱ्या बदकाइतका प्रभावी डिकॉय दुसरा नाही, आणि नेमके म्हणूनच तो हद्दपार झाला. ध्वनिमुद्रित किंवा विजेच्या साहाय्याने वाढवलेल्या आवाजावरही संघीय नियमांनी बंदी घातली. तोंडाने फुंकायची लाकडी शिट्टी मात्र चालते. आर्कान्सातील स्टुटगार्ट या गावी १९३६ पासून बदकांच्या आवाजाची स्पर्धा भरते आणि तिचा विजेता हा त्या जगातला मोठा माणूस समजला जातो.

या सर्व नियमांतून एक सूत्र दिसते. माणसाचे कसब चालेल, कसबाची जागा घेणारे साधन चालणार नाही. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने ‘न्याय्य पाठलाग’ ही जी कल्पना रुजवली, तिचाच हा विस्तार. सावजाला निसटण्याची खरी संधी असावी, असा तिचा आशय आहे. मग मोटरचे बदक कोणत्या बाजूला? विजेवर चालणारा आवाज बेकायदा आणि विजेवर चालणारी हालचाल कायदेशीर, ही विसंगती विरोधकांनी आरंभापासून दाखवून दिली. समर्थकांचे उत्तर असे, की दुर्बीण, मोटरबोट, जलरोधक बूट यांनीही शिकार सोपी केलीच. शिवाय बदके जवळ आली की नेम अचूक लागतो आणि जखमी होऊन दूर जाऊन मरणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण घटते. संघीय पातळीवर या यंत्रांवर बंदी आली नाही. परंतु संघीय नियम ही कमाल सवलत असते. राज्यांना त्याहून कडक नियम करता येतात. त्यामुळे वाद राज्याराज्यांत विभागला गेला.

मोजमाप

हा प्रश्न केवळ भावनांवर सोडला गेला नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. मिनेसोटा राज्यात २००२च्या हंगामात प्रत्यक्ष शिकारीवरच प्रयोग करण्यात आला. शिकारी तेच, तळे तेच, नकली बदके तीच. फक्त फिरते पंख आलटून पालटून चालू आणि बंद ठेवायचे आणि प्रत्येक थव्याचे वर्तन टिपून ठेवायचे. यंत्र चालू असताना मॅलार्डचे थवे बंदुकीच्या टप्प्यात, म्हणजे ४० मीटरच्या आत येण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट आढळली. दर शिकाऱ्यामागे दर तासाला मारल्या गेलेल्या मॅलार्डची संख्या साडेचार पटींहून अधिक होती. संशोधकांनाही एवढा फरक मोठा वाटावा असाच हा निष्कर्ष होता. पुढे कॅलिफोर्नियापासून कॅनडातील मॅनिटोबापर्यंत झालेल्या अशा प्रयोगांची तुलना करण्यात आली. पाण्यात डोके बुडवून चरणाऱ्या बदकांच्या सर्व जातींवर यंत्राचा परिणाम सारखा नसतो, आणि तो ठिकाणानुसारही बदलतो, असे तीत दिसून आले.

आकडे पाहून पहिली प्रतिक्रिया अशी होते, की एका माणसाने दिवसाला किती बदके मारावीत यावर मर्यादा आहेच. मग यंत्राने काय बिघडते? अमेरिकेच्या बहुतांश भागात ही मर्यादा दिवसाला सहा बदकांची आणि प्रशांत महासागराकडील पट्ट्यात सात बदकांची आहे. तीतही जातीनुसार आणि नर-मादीनुसार पोटमर्यादा आहेत. वरवर पाहता तर्क बिनतोड वाटतो. परंतु मर्यादा हे छत आहे, सरासरी नव्हे. बहुतेक शिकारी बहुतेक दिवशी मर्यादेपर्यंत पोचत नाहीत; कित्येक तर रिकाम्या हाताने परततात. सहाचा आकडा ठरवताना हे अपयश गृहीत धरलेले असते. अनुभवी शिकाऱ्याची सहा बदके यंत्राने सातावर जात नाहीत. परंतु नवख्याचे एक बदक तीनवर जाते, आणि नवख्यांची संख्या नेहमीच जास्त असते. पाणथळीवरील एकूण भार वाढतो तो येथून.

या भाराचा हिशेब चुकवणारी यंत्रणाही अमेरिकेत आहे. १९५५ पासून दर वसंतात विमानांतून आणि जमिनीवरून प्रजनन करणाऱ्या बदकांची गणना होते. त्यानुसार पुढील हंगाम किती दिवसांचा आणि मर्यादा किती, हे ठरते; १९९५ पासून या निर्णयपद्धतीला गणिती चौकट मिळाली. पायात कडी घातलेली किती बदके शिकाऱ्यांकडून परत नोंदवली जातात, यावरून शिकारीचे प्रमाण काढले जाते. यंत्राने शिकार वाढलीच तर ती या आकड्यांत उतरते आणि पुढचा हंगाम आखडतो. म्हणजे किंमत सर्वांनी मोजायची. दोरीने बदके हलवणाऱ्यानेही आणि पायाने पाणी ढवळणाऱ्यानेही. जुन्या शिकाऱ्यांच्या रोषामागे नीतीइतकाच हा व्यवहारही आहे.

प्रत्यक्षात देशभरातील शिकारीचे आकडे प्रयोगातील प्रमाणात उसळले नाहीत. एका तळ्यावरील प्रयोग आणि संपूर्ण हंगाम यांत बदकांचे शिकणे, हवामान, शिकाऱ्यांची घटती संख्या असे अनेक घटक येतात. १९७०च्या दशकाच्या आरंभी वर्षाला २० लाखांहून अधिक डक स्टॅम्प विकले जात. अलीकडे हा आकडा १५ लाखांच्या आसपास असतो, आणि ते घेणाऱ्यांत केवळ पक्षी पाहणारे व मुद्रांकांचे संग्राहकही आहेत. बदकांची संख्या प्रामुख्याने ठरते ती कॅनडा आणि डाकोटाच्या मैदानांतील छोट्या डबक्यांत पाणी किती साचते यावर. २०२३च्या गणनेत सर्व बदके मिळून सुमारे ३ कोटी २३ लाख, तर मॅलार्ड सुमारे ६१ लाख भरले. मॅलार्डचा हा १९९३ नंतरचा नीचांक होता, आणि त्याचा दोष जाणकारांनी प्रथम त्या मैदानांतील कोरड्या वर्षांना दिला.

स्थानिक बदकांची गोष्ट मात्र वेगळी आहे. जी बदके राज्यातच अंडी घालतात ती उत्तरेकडचे थवे येण्याआधी, हंगामाच्या पहिल्या आठवड्यांत बंदुकीसमोर असतात. त्यांची संख्या मर्यादित, आणि त्यांना यंत्राची ओळख नसते. कॅलिफोर्नियाने याच चिंतेतून मध्यममार्ग काढला. तेथे फिरत्या पंखांच्या यंत्रांना हंगाम सुरू झाल्यापासून ३० नोव्हेंबरपर्यंत मनाई असते आणि त्यानंतर मुभा. मिनेसोटानेही प्रारंभी हंगामाच्या पहिल्या टप्प्यात निर्बंध घातले होते. पेनसिल्व्हेनिया, ऑरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांनी विजेवर चालणारी नकली बदके सरसकट निषिद्ध ठेवली. त्यांपैकी पेनसिल्व्हेनियाने २०१०च्या दशकात पाणपक्ष्यांपुरती सवलत दिली. आर्कान्साचा प्रवास सर्वांत बोलका. बदकांच्या शिकारीवर ज्याची ओळख आणि बरीचशी ग्रामीण मिळकत उभी आहे, त्या राज्याने २००५च्या सुमारास बंदी घातली आणि काही वर्षांतच मागे घेतली. शेजारच्या राज्यांत यंत्रे फिरत असताना आपल्याच शिकाऱ्यांचे हात बांधणे टिकणारे नव्हते. थवे राज्यांच्या सीमा पाहून उडत नाहीत, आणि पर्यटक शिकारी मात्र त्या पाहूनच हॉटेलची खोली ठरवतात.

भारतातील पाणथळी

भारतात हा प्रश्न या स्वरूपात उद्भवत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला आणि रानबदकांची छंद म्हणून होणारी शिकार येथे इतिहासजमा झाली. त्या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मारणे, विष घालणे, सापळा लावणे, हाकणे एवढ्यावर ती थांबत नाही. आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हेही तीत येते. रानबदकांना टिपण्यासाठी नकली बदक पाण्यावर सोडणे, मग ते लाकडी असो वा मोटरचे, या व्याख्येत सहज बसते.

त्यापूर्वीचा काळ निराळा होता. भरतपूरच्या घना तलावावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या मेजवानीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले; तेथील दगडी फलकावर असे आकडे आजही वाचता येतात. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज लागली नव्हती. हाकारे, बंदुका आणि मर्यादेचा अभाव एवढे पुरेसे होते. देशी पद्धतींत गाडग्याची युक्ती जुन्या शिकारवर्णनांत वारंवार येते. तळ्यावर काही दिवस मातीची गाडगी नुसतीच तरंगत सोडायची. बदकांना त्यांची सवय झाली की एका गाडग्याखाली डोके लपवून माणसाने गळाभर पाण्यात चालत जायचे आणि बदकाचे पाय धरून त्याला अलगद पाण्याखाली ओढायचे. येथे फसवणूक बदकाच्या रूपाने होत नाही. निरुपद्रवी वस्तूच्या रूपाने होते.

महाराष्ट्रात नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीला २०२० साली रामसर स्थळाचा दर्जा मिळाला; राज्यातील ती पहिली. हिवाळ्यात तेथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे उतरतात. थापट्या आणि तलवार बदक या जाती उत्तर अमेरिकेतही आहेत. सॅक्रामेंटोच्या भातखाचरांवर फिरत्या पंखांकडे वळणारे पक्षी आणि गोदाकाठी दुर्बिणीतून दिसणारे पक्षी हे एकाच जातीचे असू शकतात. थवे मात्र वेगळे. आपल्याकडे येणारे मध्य आशियाच्या वाटेने येतात. निरीक्षकाने या बदकांचे उतरणे एकदा नीट पाहावे. वाऱ्याकडे तोंड, पुढे काढलेले पाय आणि पंखांच्या फिकट बाजूची ती लकलक. त्या मोटरने नेमकी कशाची नक्कल केली हे तेथे लगेच कळते.

फसवणुकीचा दुसरा उपयोग

नकली पक्षी नेहमी बंदुकीच्याच बाजूने उभा असतो असेही नाही. अमेरिकेतील मेन राज्याच्या ईस्टर्न एग रॉक या बेटावरून पफिन हा समुद्रपक्षी अतिशिकारीमुळे एकोणिसाव्या शतकातच नाहीसा झाला होता. स्टीफन क्रेस यांनी १९७३ पासून न्यूफाउंडलंडहून पिल्ले आणून तेथे वाढवली. ती समुद्रावर गेली, पण ओसाड बेटावर परत उतरायला बिचकू लागली. पफिन घोळक्याने राहणारा पक्षी आहे. मग खडकांवर लाकडी पफिन मांडण्यात आले. तरुण पक्षी उतरले, लाकडी सोबत्यांना चोच लावून पाहू लागले, आणि १९८१ साली बेटावर पुन्हा घरटी झाली. समुद्रपक्ष्यांच्या वसाहती पुन्हा वसवण्यासाठी ही पद्धत नंतर जगभर वापरली गेली.

मोटरचाही असाच उलटा उपयोग झाला. अमेरिकेतील अनेक राज्यांचे वन्यजीव अधिकारी रस्त्याकडेला कातडे चढवलेले यांत्रिक हरीण उभे करतात. दूरनियंत्रकाने त्याची मान वळते, शेपूट हलते. रात्री गाडीतून प्रखर दिवा मारून गोळी झाडणाऱ्या चोरट्या शिकाऱ्याला ते खरे वाटते. गोळी कातड्याखालील भरावात घुसते आणि झुडपाआड थांबलेले अधिकारी पुढे येतात.